मदत हवी आहे: एचएचटी असलेल्या आईला शिरेतून आयर्न दिल्यानंतरचा त्रास

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला, सिडकोत राहतो. आईला (वय ५८) एचएचटी, म्हणजे हेरेडिटरी हेमोरेजिक टेलेंजिएक्टेशिया आहे; रक्तवाहिन्या सदोष असल्याने रक्तस्राव होणारा हा आनुवंशिक आजार. आजोबांचाही घोळणा सारखा फुटायचा. घरातले उष्णता म्हणून कांदा हुंगवायचे. आईच्या ओठांवरचे, जिभेवरचे लाल ठिपके बघून ईएनटी डॉक्टरांनी निदान केलं.

यंदा उन्हाळ्यात नाकातून इतकं रक्त गेलं की हिमोग्लोबिन ६.८ वर आलं. आयर्नच्या गोळ्या आईला सोसत नाहीत. म्हणून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचं आयर्न १००० मिग्रॅ सलाईनमधून दिलं, आठवड्याने पुन्हा तेवढंच. दुसऱ्या दिवशी कणकण आणि सांधेदुखी झाली, पण त्याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती आणि ते ओसरलंही.

खरा त्रास नंतर सुरू झाला. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं, तरी आईला देवापुढून उठताना भिंत धरावी लागते. मांड्या भरून येतात, कुशीवर वळलं की बरगड्या दुखतात. सगळे म्हणतात, अशक्तपणा आहे, खाऊ घाला. फॉस्फरस कमी झाला तरी स्नायू-हाडं अशी दुखतात, म्हणून मी हट्टाने रक्तातला फॉस्फरस (फॉस्फेट) तपासायला लावला, तो १.४ निघाला (नॉर्मल साधारण २.५ ते ४.५). या औषधाने एफजीएफ-२३ हे हार्मोन वाढतं आणि मूत्रपिंड फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकतं, असं वाचलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत हे औषध घेणाऱ्या सुमारे ७५ टक्के रुग्णांचं फॉस्फेट घसरलं होतं, फेरिक डेरिसोमाल्टोज हे दुसरं शिरेतलं आयर्न घेणाऱ्यांत सुमारे ८ टक्के. एरवी एकदाच आयर्न घेणाऱ्याचं निभावून जाईल, पण आईचं नाक थांबणार नाही. तिला हे पुन्हापुन्हा लागणार, म्हणूनच काळजी वाटते.

तुमच्यापैकी कोणी आयर्न सुक्रोजवर किंवा डेरिसोमाल्टोजवर गेलंय का? सुक्रोज २०० मिग्रॅच्या हप्त्यांनी घ्यावं लागतं, फेऱ्या वाढतील, पण चालेल. फॉस्फरस भरून यायला किती वेळ लागला? आयर्ननंतर काही दिवस घोळणा जास्त फुटतो असं आईचं म्हणणं आहे, हा अनुभव आणखी कुणाला आहे का?

आणखी एक. एचएचटीत फुप्फुसात एव्हीएम (धमनी आणि शीर थेट जोडली जाणं) असेल तर सलाईनमधला हवेचा बुडबुडा थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आईची बबल इको (असा एव्हीएम शोधायची हृदयाची सोनोग्राफी) अजून व्हायचीय. गेल्या वेळी नळीत बुडबुडा दिसला, सिस्टरांनी टिचकी मारली आणि सलाईन चालूच ठेवलं. माझ्या पोटात गोळा आला. नाशिकमध्ये बबल इको कुठे होते, आणि एचएचटी नीट माहीत असलेले हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) इथे आहेत की मुंबईच गाठावी? पुढची अपॉइंटमेंट याच आठवड्यात आहे, त्याआधी कळलं तर फार मदत होईल.