चर्चा: बालगृहांचा हिशेब विधिमंडळाने मागायचा की नाही?

पायवाट

परवा ‘जुना टिपणकार’ यांनी लिहिले की बाल कल्याण समित्या (निराधार व संकटातील मुलांची सोय कोठे करायची हे ठरवणाऱ्या जिल्हा पातळीवरच्या समित्या) आणि बालगृहे हा न्यायालयांचा व जिल्हाधिकाऱ्यांचा विषय आहे, आमदारांनी त्यात लक्ष घालणे म्हणजे हार, नारळ आणि छायाचित्रे. हे वाचून गप्प बसण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला, पण तो फसला, कारण एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर मी स्वतः एक पूर्ण मुदत काम केले आहे.

समितीची मुदत तीन वर्षांची असते. ती कोणत्या दिवशी संपणार हे नेमणुकीच्या दिवशीच सर्वांना ठाऊक असते, तरीही आमच्या वेळी नव्या नेमणुकीची फाईल मुदत संपल्यावरच हलू लागली आणि आमचा कार्यभार शेजारच्या जिल्ह्याच्या समितीला जोडून देण्यात आला. मूल समितीपुढे आल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा असे बाल न्याय कायदा म्हणतो. शेजारची समिती आठवड्यातून एकदा येत असेल, तर त्या चार महिन्यांचा हिशेब कोणी ठेवायचा? जिल्हाधिकारी दर तिमाहीला आढावा घेतात हे मान्य आहे, परंतु समितीवर सदस्य नेमणे त्यांच्या हाती नाही आणि बाल संरक्षण कक्षासाठी नवी पदे निर्माण करणेही नाही. उच्च न्यायालय आदेश देऊ शकते. पैशाची मागणी मात्र सभागृहातच मंजूर होते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत राज्याने घालायचा ४० टक्के वाटा वेळेवर पडला की नाही, हे विचारण्याचा पहिला अधिकार ज्यांचा आहे, त्यांनाच टिपणकार ओसरीवर बसवू पाहतात.

शिवाय २००५ च्या कायद्याने राज्य बालहक्क संरक्षण आयोगाचा वार्षिक अहवाल, त्यावर शासनाने काय केले याच्या ज्ञापनासह, विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक केले आहे, आणि एखादी शिफारस नाकारली असेल तर त्याचे कारणही द्यावे लागते. आयोगाला दात नाहीत अशी आपण तक्रार करतो, तेव्हा ते दात कोणाच्या जबड्यात बसवले आहेत हे पाहायचे विसरतो.

जुना टिपणकार

महोदय, मी मंत्रालयात एकोणतीस वर्षे टिपण्या लिहिल्या, त्यामुळे ही देखरेख मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिली आहे. अधिवेशन जवळ आले की प्रश्न येत असत. अमुक बालगृहात मुलांना निकृष्ट भोजन मिळते, हे खरे आहे काय? आम्ही लिहीत असू, ‘हे अंशतः खरे आहे.’ चौकशी केली आहे काय? ‘कार्यवाही सुरू आहे.’ विलंबाची कारणे काय आहेत? ‘प्रश्न उद्भवत नाही.’ या उत्तरांनी सभागृहाचे समाधान होत असे. ताटातली भाजी बदलल्याचे मला कधी कळले नाही.

आपण बिहारमधले मुझफ्फरपूर विसरलात काय? २०१८ मध्ये तेथील बालिकागृहातील अत्याचार बाहेर आले ते टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे संस्थेच्या कामाची बाहेरून तपासणी, करताना मुलींशी बोलण्याची तसदी घेतली म्हणून. सभागृहातला गदारोळ त्यानंतरचा आणि मंत्र्यांचा राजीनामाही त्यानंतरचा. आपल्याकडे तरी काय वेगळे घडते? महिला व बालकांवरील अत्याचारांची शिक्षा वाढवणारे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले, भाषणे झाली, आणि राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आले नाही. शिक्षा वाढवण्यावर तासन्‌तास बोलणाऱ्यांपैकी किती जणांना परिविक्षा अधिकारी काय काम करतो हे सांगता येईल?

उलटतपासणी

मी वकिली करतो आणि टिपणकारांशी सहसा माझे पटत नाही, परंतु येथे ते बरोबर आहेत. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या संस्थांची दखल २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली, तज्ज्ञांची समिती नेमली, पुढे २०११ मध्ये कळंबोलीच्या संस्थेतील अत्याचार उघड झाले आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला दोषी ठरवले. या क्रमात विधिमंडळ कोठे आहे, ते पायवाट यांनी दाखवावे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. बाल कल्याण समितीला दंडाधिकाऱ्यांचे अधिकार आहेत, म्हणजे ती न्यायपीठ आहे. एका प्रकरणात मुलीचा ताबा तिच्या काकांकडे द्यावा म्हणून एका लोकप्रतिनिधींचा दूरध्वनी समितीच्या अध्यक्षांना आला होता, आणि तो आला तेव्हा मी त्याच खोलीत बसलो होतो. त्याच काकांविरुद्ध पुढे काय निष्पन्न झाले ते मी येथे लिहिणार नाही. ज्याला आपण देखरेख म्हणता, ती तालुक्यात पोहोचेपर्यंत शिफारस झालेली असते.

पायवाट

वकीलसाहेब, तो दूरध्वनी आला तेव्हा आपण खोलीत होतात, मग आपण काय केलेत? राग येणार असेल तर येऊ द्या. चोरून केलेला दूरध्वनी आणि विधिमंडळाच्या समितीपुढे सचिवांची साक्ष यांतला फरक आपल्याला कळत नाही, असे मी मानायला तयार नाही. एका मुलाची फाईल मागण्याचा अधिकार आमदाराला नसावा, हे मी दगडावर कोरून देतो. एकूण किती फाईली चार महिन्यांपुढे रखडल्या आहेत हे विचारण्याचा असलाच पाहिजे. केरळमध्ये १९८० पासून विषय समित्या, म्हणजे एकेका विषयाच्या विभागांवर लक्ष ठेवणाऱ्या आमदारांच्या समित्या, आहेत आणि विभागांच्या अनुदानाच्या मागण्या त्यांच्याकडे छाननीला जातात. टिपणकारांच्या मुझफ्फरपूरबद्दल इतकेच सांगतो की ते अंकेक्षण बिहारच्या समाजकल्याण विभागानेच सोपवलेले होते. असे अंकेक्षण दरवर्षी व्हावे आणि त्याचा अहवाल पटलावर यावा, ही मागणी सभागृहाने करायची नाही तर कोणी?

दिवेलागण

मी एका स्वयंसेवी संस्थेच्या बालगृहाची अधीक्षिका आहे आणि देखरेखीची आमच्याकडे टंचाई नाही, हे सर्व विद्वानांना नम्रपणे कळवू इच्छिते. बाल कल्याण समितीने महिन्यातून किमान दोन भेटी द्यायच्या असतात, जिल्हा तपासणी समिती वेगळी, आयोग वेगळा, अग्निशमन आणि अन्नसुरक्षा वेगळे. प्रत्येक जण नोंदवही मागतो आणि शौचालये मोजतो. अनुदान किती महिने आले नाही, हे मात्र कोणी आपल्या अहवालात लिहीत नाही. लोकप्रतिनिधींचा दौरा आमच्याकडे एकदाच झाला. मुलींना रांगेत उभे करून स्वागतगीत म्हणायला लावावे अशी सूचना आदल्या दिवशी आली होती. मी नकार दिला, आणि मुलींची छायाचित्रे प्रसिद्ध करणे कायद्याने गुन्हा आहे हे सांगितल्यावर सोबतच्या कार्यकर्त्याने माझे नाव लिहून घेतले.

माणदेशी

दिवेलागण ताईंबद्दल आदर ठेवून विचारते की आपण सगळे भिंतींच्या आतल्या मुलांबद्दलच का बोलत आहोत? मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझे धाकटे दीर वारल्यावर जाऊबाईंच्या दोन मुलांसाठी मी बालसंगोपन योजनेचा, म्हणजे अशा मुलांना घरीच वाढवण्यासाठी दरमहा मिळणाऱ्या मदतीचा, अर्ज भरला. सावित्रीबाईंचे नाव असलेल्या या योजनेची रक्कम दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये झाल्याची बातमी आम्ही पेढे वाटावेत इतक्या आनंदाने वाचली होती. अर्ज दिला, गृहभेट व्हायला पाच महिने लागले, आदेश व्हायला आणखी तीन, आणि पहिली रक्कम आली तेव्हा थोरल्याची शाळा सुटून तो वीटभट्टीवर जाऊ लागला होता. मधल्या काळात त्या कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने जाऊबाईंना सुचवले की एवढी ओढाताण असेल तर मुलांना वसतिगृहात किंवा बालगृहात घाला. आईच्या हाती वेळेवर द्यायला २,२५० रुपये नाहीत, पण तिच्यापासून मूल तोडून त्याला इमारतीत ठेवायची सोय आहे, याला बालसंरक्षण म्हणायचे असेल तर विधिमंडळाने आधी याचाच हिशेब मागावा. संस्था जगाव्यात म्हणून मुले लागतात, असे आता माझे मत झाले आहे.

दिवेलागण

शेवटचे वाक्य आपण मागे घ्यावे. आपल्या जाऊबाई आहेत, आपण आहात, अर्ज भरून देणारे कोणी आहे. आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात आलेल्या मुलीला घरी पाठवायचे म्हणजे ज्याच्यामुळे ती आली त्याच्याच दारात सोडायचे. तिच्यासाठी आपण कोणते संगोपन सुचवता? बावीस वर्षांत मला वेळेवर मिळालेले पगार बोटांवर मोजता येतील, आणि संस्था जगवण्यासाठी मुले गोळा करते असे ऐकायला मी येथे आलेली नाही.

माणदेशी

आपल्या संस्थेबद्दल मी बोलले नव्हते, आणि त्या मुलीबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे. तरीही माझ्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे. करोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला, कारण तेव्हा सर्वांचे लक्ष होते. माझे दीर करोनापूर्वी आणि साध्या काविळीने गेले, हा त्यांच्या मुलांचा दोष आहे काय? वाक्यातला ‘संस्था’ हा शब्द मागे घेते आणि तेथे ‘कार्यालये’ असा घालते.

उलटतपासणी

मी काय केले, असे पायवाट यांनी विचारले होते. मी लेखी तक्रार केली नाही. तोंडी निषेध नोंदवला आणि घरी गेलो. आपल्याला समाधान मिळाले असेल अशी आशा आहे. बालसंगोपनाचे पैसे न मिळणे हा न्यायपीठाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न नसून तिजोरीचा आहे, त्यामुळे तेवढ्यापुरते विधिमंडळाने विचारण्याला माझी हरकत नाही. तेवढ्यापुरतेच.

जुना टिपणकार

पायवाट यांचे अभिनंदन. त्यांनी एका वकिलाकडून अर्धे वाक्य मिळवले. माझ्या मताप्रमाणे आमदार हा प्रश्न विचारणार नाहीत, कारण बालगृहातील मुलांना मत नसते आणि समितीच्या रिक्त जागांवर मोर्चा निघत नाही. परंतु कोणी विचारणार असेल, तर निदान प्रश्न नीट लिहिलेला असावा. ‘निकृष्ट भोजन मिळते हे खरे आहे काय’ असे विचारू नये, त्याला अंशतः खरे म्हणता येते. जिल्हानिहाय तारीख मागावी: समितीची मुदत केव्हा संपली, नवी समिती केव्हा गठित झाली, मधल्या काळात किती प्रकरणांना चार महिने उलटले, आणि आयोगाचा शेवटचा अहवाल कार्यवाहीच्या ज्ञापनासह कोणत्या दिनांकास पटलावर ठेवला. तारीख मागितली की ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिता येत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. मसुदा मी रविवारपर्यंत देतो, आमदार आपण शोधा. माणदेशी ताईंचा बालसंगोपनाचा प्रश्न स्वतंत्र कागदावर घालावा लागेल. एकात दोन विषय आले की कक्ष अधिकारी सोपा तेवढा उचलतो, निदान मी तरी तसेच करीत असे.