अतिशयोक्तीशिवाय विक्रीचा मजकूर: आपापले अनुभव लिहावेत

मालाविषयी चार ओळी लिहिण्याचे काम आता बागायतदार, विणकर, शिकवणीचालक अशा सर्वांवरच येऊन पडले आहे. ‘सर्वोत्तम’, ‘शंभर टक्के शुद्ध’, ‘शेवटचे काही नग’ असे शब्द टाळून आपण काय लिहिले, कोणते वाक्य ठेवणे जड गेले आणि गिऱ्हाइकांनी त्याला कसा प्रतिसाद दिला, हे सविस्तर सांगावे, ही विनंती.

सुरुवात मी करते. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासची माहितीपत्रके मी लिहिते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार यशस्वी उमेदवाराचे छायाचित्र छापताना त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला आणि तो शुल्क भरून घेतला की कसे, हे सांगावे लागते. तसे लिहू लागताच बऱ्याच छायाचित्रांखाली ‘केवळ मोफत अभिरूप मुलाखत’ अशी ओळ आली. संचालकांना ती खटकली. मला मात्र वाटते की ज्या मुलाचे आईवडील कर्ज काढून शुल्क भरणार आहेत, त्याला ही ओळ सर्वांत आधी दिसायला हवी. आता प्रवेशासाठी येणारे पालक छायाचित्रांची संख्या विचारत नाहीत, पूर्ण अभ्यासक्रम केलेल्यांपैकी किती निवडले गेले ते विचारतात.

आंबा बागायतदार, देवगड तालुका

आमच्या पत्रकात साक्याचा, म्हणजे गर आतून खराब होण्याच्या दोषाचा, उल्लेख अगदी वरच असतो. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. त्यामुळे ‘एकही फळ खराब निघणार नाही’ असे वचन कोणत्याही बागायतदाराला प्रामाणिकपणे देता येत नाही. आम्ही लिहितो की साका निघाल्यास कापलेल्या फळाचे छायाचित्र पाठवावे, त्या फळाचे पैसे परत मिळतील. मालाचे वैगुण्य आपणच का सांगायचे, असे वडिलांचे म्हणणे होते आणि बराच काळ ते त्यावर ठाम राहिले.

‘कार्बाइडमुक्त’ हा शब्द मात्र मी काढून टाकला. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्यानेच बंदी आहे. जे करणे गुन्हा आहे ते आपण करत नाही, याची जाहिरात कशासाठी करायची? त्याऐवजी प्रत्यक्षात काय करतो ते लिहिले: फळे पेंढ्याच्या आढीत ठेवली आहेत, पेटी पोहोचेल तेव्हा ती कडक आणि हिरवट असतील, खाण्याजोगी व्हायला आणखी काही दिवस लागतील. ‘कच्चा आंबा पाठवला’ अशा तक्रारींचे फोन त्यानंतर पुष्कळ कमी झाले. २०१८ मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाचही जिल्ह्यांसाठी आहे, म्हणून केवळ ‘मानांकित’ म्हटल्याने फळ देवगडचे ठरत नाही. आमच्या बागेतला माल संपला की आम्ही नोंदणी बंद करतो आणि तसे स्पष्ट कळवतो.

पैठणी विक्रेती, येवला

आमच्याकडे हातमागाची पैठणी आहे आणि यंत्रमागावरची सेमी पैठणीही आहे. दोन्हींची छायाचित्रे सारखीच देखणी येतात, त्यामुळे फसवणुकीला सर्वाधिक वाव तिथेच असतो. मी प्रत्येक साडीच्या पदराची उलटी बाजूही दाखवते. हातमागावर विणलेल्या पारंपरिक पैठणीत मोर किंवा मुनियाची (पोपटाची) नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे किंवा ते कापल्याच्या खुणा सहसा आढळतात. हे वाचून गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातही साडी उलटून पाहू शकते, आणि ते तसे पाहते याचा मला आनंद आहे. साडीतली जरी चांदीची नसेल तर ‘चांदीची जरी नाही’ असे किमतीशेजारीच लिहिते. ‘राजेशाही’, ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा ठेवा’ ही विशेषणे मी सोडून दिली आणि त्या जागेत रेशमाची माहिती, विणायला लागलेला काळ आणि धुण्याची पद्धत दिली. सेमी पैठणीची विक्री याने घटली नाही. रोजच्या समारंभांना परवडणारी साडी हवी असलेल्या बायका ती समजून-उमजून घेतात.

गूळ उत्पादक, कोल्हापूर जिल्हा

गुऱ्हाळात रस उकळताना आम्ही रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढतो आणि रंग उजळण्यासाठी हायड्रोस हे रसायन वापरत नाही, म्हणून आमचा गूळ गडद निघतो. ते पाकिटावर लिहायला सोपे गेले. अवघड ठरले ते दुसरे वाक्य: ‘मधुमेह असलेल्यांनी हा गूळ साखरेला सुरक्षित पर्याय समजू नये.’ गुळातही मुख्यतः साखरच असते आणि तो खाल्ल्याने रक्तातील साखर वाढते. शहरातल्या एका दुकानदाराने हे वाक्य काढल्याशिवाय माल ठेवणार नाही असे सांगितले, आणि ती मागणी आम्ही गमावली. वाक्य अजून पाकिटावर आहे, कारण मधुमेही माणसे ‘गूळ चालतो’ या समजुतीवर तो किती मोकळ्या हाताने खातात, हे आमच्या गावातच आम्ही पाहतो.