खाजणातलं गवत कुंडीत: पानांवरचं मीठ गेलं कुठे?

कोथरूडची_गच्ची: दिवाळीत रेवदंड्याच्या खाजणातून एल्युरोपस लॅगोपॉइडिस गवताची धावती खोडं आणली, चार ठिकाणची. तिथे पानांवर मिठाचे कण चमकत होते. इथे नळाच्या पाण्यावर तीन महिन्यांत तरारलंय, पण मीठ गायब! आणि चारही कुंड्या अगदी सारख्या. सगळं एकच झाड आणलं की काय मी?

खारफुटीवेडा: मीठ नाही म्हणून ते बाहेर टाकत नाही, इतकंच. पानांवर सूक्ष्म मीठग्रंथी असतात. एका कुंडीला थोडं मिठाचं पाणी देऊन बघा. (सगळ्यांना नको हो!)

निवृत्त_मास्तर: चार ठिकाणं म्हणजे किती अंतरावर? हे गवत खोडांनी पसरतं, त्यामुळे अख्खा पट्टा एकाच रोपाचा असू शकतो. नुसतं बघून कळणार नाही, डीएनए तपासावा लागेल. इंग्लंडमधलं स्पार्टिना अँग्लिका हे गवत बघा: दोन जातींचा वांझ संकर, मग गुणसूत्रं दुप्पट होऊन सुपीक झाला. मैलोन् मैल चिखल व्यापला, पण जनुकीय वैविध्य फारच थोडं.

कोथरूडची_गच्ची: अंतर? जेमतेम वीस पावलं, मास्तर. बायको गाडीत हॉर्न वाजवत होती.