साथीच्या बातमीत रुग्णसंख्येचा नकाशा: एकूण आकडे रंगवावेत की दर?

प्रश्न | ग्राफिक_डेस्क

मी एका दैनिकाच्या डिजिटल आवृत्तीसाठी आलेख आणि नकाशे तयार करते. साथीच्या एका बातमीसाठी जिल्हानिहाय क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे प्रत्येक जिल्हा त्याच्या आकड्यानुसार फिकट किंवा गडद छटेने भरलेला नकाशा, करायचा आहे. एकूण रुग्णसंख्या वाचकाला चटकन समजते, तेव्हा जिल्ह्यांच्या छटा तिच्यावरूनच ठरवाव्यात, असे वृत्तसंपादकांचे मत आहे. तसे केले की सर्वाधिक लोकसंख्येचे जिल्हे गडद दिसतात आणि बातमी ज्या लहान जिल्ह्याविषयी आहे तो फिकट राहतो. शिवाय एकेका छटेसाठी आकड्यांचे जे गट पाडतो त्यांच्या सीमा थोड्या सरकवल्या तरी नकाशाचे चित्रच पालटते. आकडे कोणत्या रूपात दाखवावेत, गट कसे पाडावेत आणि मुळात येथे नकाशा द्यावा का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर | समप्रमाण

तुमची शंका रास्त आहे. क्षेत्रघनी नकाशात संपूर्ण जिल्हा एका छटेने भरला जातो, त्यामुळे ती छटा त्या प्रदेशातील तीव्रता सांगते असेच वाचक गृहीत धरतो; म्हणून अशा नकाशात दर किंवा प्रमाण दाखवावे, एकूण संख्या नव्हे. 40 लाख लोकसंख्येच्या जिल्ह्यात 800 रुग्ण असतील तर दर लाख लोकांमागे 20 होतात, तर 5 लाख लोकसंख्येच्या जिल्ह्यात 250 रुग्ण असतील तर 50 होतात. तुमच्या आताच्या नकाशात पहिला जिल्हा गडद दिसेल, पण साथीचा जोर दुसऱ्या जिल्ह्यात आहे.

एकूण संख्याही महत्त्वाची असते, कारण खाटा आणि औषधे संख्येनुसार लागतात. ती दाखवायची असेल तर प्रत्येक जिल्ह्यावर प्रमाणबद्ध वर्तुळ ठेवावे. येथे एक चूक फार वेळा होते: संख्या चौपट झाली की त्रिज्याही चौपट केली जाते आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ सोळापट होते. क्षेत्रफळ संख्येच्या प्रमाणात हवे, म्हणजे चौपट संख्येसाठी त्रिज्या दुप्पट.

दराचीही एक अडचण आहे. लोकसंख्या 2,000 असलेल्या तुकड्यात एकच रुग्ण सापडला तरी दर लाखामागे 50 होतो आणि एकही सापडला नाही तर शून्य. परिणामी सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट, दोन्ही टोकांना विरळ वस्तीचे प्रदेशच दिसू लागतात, आणि त्यामागे केवळ योगायोग असू शकतो. आकडेवारी तालुका किंवा गाव पातळीवर नेण्यापूर्वी हे अवश्य तपासा. गरज वाटल्यास अनेक आठवड्यांचे आकडे एकत्र करा.

गटांविषयी माझे मत ठाम आहे. समान अंतराचे गट, प्रत्येक गटात जिल्ह्यांची समान संख्या किंवा आकड्यांतील नैसर्गिक खंडांवर बेतलेले गट, यांपैकी सॉफ्टवेअरने पुढे केलेली पद्धत डोळे झाकून स्वीकारू नये. आधी सर्व दर चढत्या क्रमाने मांडून पाहा. सरासरी दर किंवा धोक्याची अधिकृत पातळी यांसारखी अर्थपूर्ण सीमा उपलब्ध असेल तर गट तिच्याभोवती बांधा. नकाशा दर आठवड्याला अद्ययावत होणार असेल तर सीमा अजिबात बदलू नका, नाहीतर दोन आठवड्यांची तुलनाच अशक्य होते.

उत्तर | जुने_नकाशे

नकाशा द्यावा का, या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते तो आधी सुटायला हवा. बातमीचा मुद्दा शेजारच्या जिल्ह्यांत पसरत जाणारी साथ, नदीकाठ किंवा रस्त्याचा मार्ग असा स्थानाशी निगडित असेल तर नकाशाला पर्याय नाही. मुद्दा केवळ कोणता जिल्हा पुढे आणि कोणता मागे एवढाच असेल, तर उतरत्या क्रमाने लावलेला, शून्यापासून सुरू होणारा साधा स्तंभालेख अधिक अचूक वाचला जातो.

लंडनमधील 1854 च्या कॉलऱ्याच्या साथीचा डॉ. जॉन स्नो यांचा, मृत्यू कोठे झाले ते दाखवणारा नकाशा या संदर्भात नेहमी सांगितला जातो, परंतु नकाशा पाहून त्यांना कारण सापडले, ही समजूत बरोबर नाही. दूषित पाण्यातून रोग पसरतो हे मत त्यांनी आधीच मांडले होते, आणि ज्याच्या पाण्यावर संशय होता त्या ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाचा दांडा सप्टेंबरमध्ये काढला गेला तेव्हा तो नकाशा प्रसिद्धही झालेला नव्हता. त्या नकाशाचे खरे बळ अपवादांच्या चौकशीत आहे. पंपाजवळच्याच अनाथ-निर्धनांच्या आश्रयगृहात 535 रहिवासी असूनही कॉलऱ्याने केवळ 5 मृत्यू झाले, कारण तेथे पाण्याची स्वतंत्र सोय होती. तुमच्या नकाशातही गडद पट्ट्यामधला एखादा फिकट जिल्हा दिसला तर बातमीदाराला तेथे विचारपूस करायला सांगा. तेथे चाचण्याच कमी झाल्या असतील तर नकाशा साथ दाखवत नसून चाचण्यांचे वितरण दाखवत आहे, आणि हे तळटिपेत न ढकलता शीर्षकाखालीच लिहायला हवे.

ग्राफिक_डेस्क

दोघांचेही मनापासून आभार. दर लाखामागील प्रमाण आणि स्थिर गट हे वृत्तसंपादकांना पटले आहे. एक जोडप्रश्न: उपचार केंद्राभोवती 100 किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ दाखवायचे आहे. ते नकाशावर थेट काढले तर चालेल का?

उत्तर | समप्रमाण

थेट काढू नका. संकेतस्थळांवरील बहुतेक पायाभूत नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एका पद्धतीच्या) एका रूपात असतात, आणि त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे अंतर फुगत जाते. 60 अंश अक्षवृत्तावर ते दुप्पट होते, म्हणजे नकाशाच्या एककात 100 किलोमीटरचे म्हणून काढलेले वर्तुळ जमिनीवर सुमारे 50 किलोमीटरचेच असते. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उपचार केंद्र मध्यबिंदू धरून समदूर प्रक्षेपणात, म्हणजे मध्यबिंदूपासूनची अंतरे खरी राहतात अशा मांडणीत, वर्तुळ तयार करा आणि नंतर ते तुमच्या नकाशाच्या प्रक्षेपणात आणा. अंतर हजारो किलोमीटरचे असेल तर आकारही वर्तुळाचा राहत नाही. 2003 मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ने उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांचा पल्ला मर्केटर नकाशावर समकेंद्री वर्तुळांनी दाखवला होता, त्यामुळे पल्ला प्रत्यक्षाहून खूपच कमी भासला आणि त्यांना दुरुस्त नकाशा छापावा लागला.

आणि 100 किलोमीटरचे सरळ अंतर म्हणजे रुग्णाचा प्रवास नव्हे. मध्ये नदी किंवा डोंगर असेल तर वर्तुळाऐवजी रस्त्याने लागणाऱ्या वेळेचा पट्टा दाखवणे रुग्णाच्या दृष्टीने अधिक खरे ठरेल.

उत्तर | छटा_आणि_अक्षरे

रंगांबाबत थोडेसे. लाल-हिरवी जोडी टाळा, कारण अनेक वाचकांना, विशेषतः पुरुषांना, हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. फिकटाकडून गडदाकडे जाणारी एकाच रंगाची श्रेणी पुरेशी आहे. माहिती उपलब्ध नसलेल्या जिल्ह्यांना सर्वांत फिकट छटा देऊ नका. त्यांना राखाडी किंवा रेघांची वेगळी खूण द्या आणि सूचीत तिचा अर्थ लिहा, अन्यथा वाचक तेथे रुग्णच नाहीत असे समजतो. शेवटची तपासणी मोबाइलच्या पडद्यावरच करा: तेथे सर्व जिल्ह्यांची नावे मावणार नाहीत, तेव्हा बातमीत आलेल्या जिल्ह्यांचीच नावे ठेवा आणि मात्रा-वेलांट्या सीमारेषांत अडकत नाहीत ना, हे अक्षर मोठे करून पाहा.