टॉलेमी नक्की किती? गोंधळ सोडवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आकाशदर्शन ग्रुपातल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी पृथ्वीकेंद्री विश्वावर टिपण लिहितेय आणि टॉलेमीपाशी गाडी अडलीये. अल्माजेस्ट हा खगोलशास्त्राचा ग्रंथ लिहिणारा क्लॉडियस टॉलेमी अलेक्झांड्रियाचा, आणि इजिप्तवर राज्य करणारं अख्खं टॉलेमी घराणंही तिथलंच. सोळाव्या शतकातल्या एका युरोपियन चित्रात तर खगोलवाला टॉलेमी हातात क्वाड्रंट (कोन मोजायचं उपकरण) धरून आकाश बघतोय आणि डोक्यावर चक्क मुकुट! मग हा राजघराण्यातला होता का? पण तारखा जुळत नाहीत, कारण सिकंदराचा सेनापती टॉलेमी इ.स.पू. 305 च्या सुमारास राजा झाला, घराणं क्लिओपात्राबरोबर इ.स.पू. 30 मध्ये संपलं, आणि या खगोलवाल्याची निरीक्षणं इ.स. 127 ते 141 ची आहेत.

शिवाय अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'तुरमय' येतो तो यातला कोण? आणि खगोलवाल्या टॉलेमीच्याच भूगोलाच्या ग्रंथात पैठण ही 'सिरी टोलेमायोस'ची राजधानी लिहिलीये, म्हणजे पैठणला ग्रीक राजा होता की काय? जाणकारांनी प्लीज सांगा, मुलांना चुकीचं काही जायला नको.

प्रतिसाद:

ताई, तारखांचं बरोबर पकडलंत. राजघराण्याशी नात्याचा काही पुरावा नाही. टॉलेमी हे मूळ मॅसिडोनियन नाव, या राजांमुळे इजिप्तमध्ये घरोघरी झालं, आणि क्लॉडियसवरून कळतं की हा रोमन नागरिक होता. मुकुट ही मध्ययुगीन लोकांनी केलेली सरमिसळ.

तुरमय म्हणजे दुसरा टॉलेमी, फिलाडेल्फस. शिलालेखातल्या परदेशी राजांच्या त्याच यादीत त्याचे समकालीन मॅसिडोनियाचा अँटिगोनस आणि सायरीनचा (आजच्या लिबियातलं) मॅगस पण आहेत, त्यामुळे काळ पक्का बसतो.

पैठणचा मात्र आपला सातवाहन, वासिष्ठीपुत्र पुळुमावी! श्री पुळुमावीचं ग्रीक कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. शेजारीच उज्जैन टियास्टेनेसचं दिलंय, तो क्षत्रप चष्टन. मुलांना दाखवायचं असेल तर नाशिकच्या पांडवलेण्यात तीन नंबरच्या लेण्यात पुळुमावीच्या 19 व्या वर्षाचा लेख आहे, त्याची आजी गौतमी बलश्री हिने कोरवलेला, वेळ काढून नक्की न्या.

टिपणात राजांना नुसतं टॉलेमी लिहू नका, पहिला-दुसरा हे आकडे आधुनिक इतिहासकारांचे, त्या काळी सोटेर, फिलाडेल्फस, युएर्गेटीस अशा बिरुदांनीच ओळखायचे, तेच सोबत लिहा आणि खगोलवाल्याला कायम क्लॉडियस लावा.