गेमच्या स्वस्त ‘की’ विकणाऱ्या साइटवर भरवसा ठेवावा का?

सुदामानगरची_आत्या
नमस्कार. भाचा बारावी झाला, त्याला कॉम्प्युटरवरचा एक गेम द्यायचं कबूल केलंय. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तो २,९९९ रुपयांना आहे. भाचा म्हणतो, आत्या, दुसऱ्या साइटवर त्याचीच ‘की’, म्हणजे गेम चालू करायचा कोड, १,१५० ला मिळते, सेलरला ९८ टक्के रेटिंग आहे. पण विकणारा कोण, कुठला, काहीच कळत नाही, आणि परदेशी साइटला कार्डाचा नंबर द्यायचा. इंदूरमधल्या कोणी घेतलंय का तिथून?

एमआयजी_प्लेयर
ताई, मी बरेच गेम असेच घेतलेत. सगळे चालू आहेत. रेटिंग बघा आणि बिनधास्त घ्या.

जेलरोड_रिपेअर
ताई, वरच्या भावाचं खोटं नाही, की बहुतेक वेळा चालते. माझं जेल रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम आहे. विंडोज टाकायला येणारी पोरं हेच विचारतात, तेव्हा मी त्यांना उलट विचारतो की सेलरकडे ती की आली कुठून?

या साइट म्हणजे नुसता बाजार. कोणीही खातं उघडून विकतो, साइट आपलं कमिशन घेते. कोणी बंडलमध्ये, म्हणजे अनेक गेमच्या एकत्र पॅकमध्ये, आलेली जादा की विकतो, कोणी सेलमध्ये घेऊन ठेवलेली. त्यात वावगं काही नाही. पण कोणी चोरलेल्या कार्डावर गेमवाल्याच्याच दुकानातून की घेतो आणि इथे निम्म्या भावात काढतो. पुढे कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, बँक गेमवाल्याकडून पैसे परत घेते आणि वर फी लावते. की गेली ती गेलीच, पदरचे पैसेही गेले. मग गेमवाला ती की रद्द करतो आणि भाच्याच्या लायब्ररीतून गेम गायब! रेटिंगचं म्हणाल, तर लोक ते की चालू असताना देतात. दोन महिन्यांनी काय झालं ते त्यात कुठून दिसणार?

जानेवारी २०१५ मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीनं आपल्या ‘फार क्राय ४’ गेमच्या अशाच की बंद केल्या. त्या ईए या दुसऱ्या गेम कंपनीच्या ओरिजिन नावाच्या ऑनलाइन दुकानातून चोरीच्या कार्डांवर घेतलेल्या होत्या. ज्यांनी खेळायला सुरुवात केली होती त्यांना नंतर गेम परत मिळाला, पण ती त्या कंपनीची मेहेरबानी. ‘फॅक्टोरिओ’ गेम बनवणाऱ्या प्रागच्या वुबे टीमनं पिच्छा सोडला नाही, तेव्हा मे २०२० मध्ये जी२ए या की विकणाऱ्या बाजारानं वुबेच्या १९८ चोरीच्या की तिथे विकल्या गेल्याचं कबूल केलं, आणि ३९,६०० डॉलर भरून दिले. विक्री २०१६ मधली! प्रत्येक लहान टीमकडे असं भांडायची ताकद नसते. गेम बनवायला माणसांची वर्षं जातात हो, मला याचा खरंच त्रास होतो.

शिवाय बाहेरून घेतलेल्या कीला स्टीम रिफंड देत नाही. दुसऱ्या देशापुरती असेल तर इथे चालूच होत नाही. पैसे भरताना मेंबरशिपची टिक आपोआप लागलेली आहे का, तेही बघावं लागतं.

स्वस्तच हवं असेल तर हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग ही ऑनलाइन दुकानं बघा, यांना की थेट प्रकाशकाकडून मिळतात. ‘इज देअर एनी डील’ या साइटवर गेमचं नाव टाकलं की आजवरचा सर्वांत कमी भाव दिसतो. स्टीमचा मोठा सेल उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात लागतोच.

सुदामानगरची_आत्या
भाच्याला वाचून दाखवलं. रेटिंगचं त्याला पटलं, सेलपर्यंत थांबतो म्हणाला. पण भेट म्हणून मी कशी पाठवू? माझं तर स्टीमवर खातंही नाही.

राजवाडा_निशांत
काकू, खातं फुकट निघतं, पण भेट स्टीमवरच्या फ्रेंडलाच पाठवता येते. नव्या खात्यात पाच डॉलरइतका खर्च होईपर्यंत फ्रेंड रिक्वेस्ट पाठवता येत नाही, म्हणून रिक्वेस्ट भाच्यालाच पाठवायला सांगा, तुम्ही फक्त स्वीकारा. गेम घेताना ‘भेट’ निवडा, पैसे यूपीआयनं भरा, कार्डाची गरजच नाही. सेलमध्ये घेऊन त्याच्या वाढदिवसाची तारीख टाकली तर त्याच दिवशी पोचतो. त्यानं भेट स्वीकारली आणि गेम आवडला नाही, तर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना त्यानंच रिफंड मागायचा. पैसे तुमच्याकडे येतील.