छोट्या गाडीची नवी रूपं: मिनी, फियाट ५००, बीटल (जुन्या-नव्या दोन्हींचे अनुभव)

गोलदिवे:
आज एक फोटो समोर आला आणि जुनं सगळं वर आलं. १९५९ ची मिनी आणि शेजारी आत्ताची मिनी कंट्रीमन. एक ३.०५ मीटर, दुसरी ४.४३. नाव एकच.

मिनी म्हणजे मुळात जागेचा हिशोब. १९५६ च्या सुवेझ प्रकरणात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि बीएमसीने (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) अ‍ॅलेक इसिगोनिसना छोटी गाडी करायला घेतली. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटात तेलाच्या चेंबरमध्ये, चाकं १० इंची, स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू. दहा फुटांतली सुमारे ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला. २००१ च्या नव्या मिनीने गोल दिवे घेतले, वेगळ्या रंगाचं छत घेतलं, मधला स्पीडोमीटर घेतला. हिशोब मात्र तिथेच राहिला. ३.६३ मीटर लांबी आणि डिकी १५० लीटर!

तरीही ती वळणावर सोडली की हात खूश होतात, हेही खरं. म्हणूनच ठरत नाही. ज्यांनी दोन्हींखाली पाना धरलाय त्यांनी लिहा. काय टिकतं, काय बिघडतं, का बिघडतं, सगळं येऊ द्या.

ग्रीसगन:
तेलापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. जुन्या मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालतात. गिअरचे दात तेल चिरडतात, त्यामुळे ते लवकर पातळ होतं. २०डब्ल्यू-५० मिनरलच घालायचं, फिल्टरसकट सुमारे ४.८ लीटर, आणि साधारण ५००० किमीला बदलायचं. आधुनिक पातळ तेल महाग म्हणून चांगलं असेल असं समजून घालतात. त्यात जस्ताचं प्रमाण कमी असतं आणि इथले टॅपेट (कॅमवर घासत व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे) सपाट आहेत, कॅमचे उंचवटे झिजतात.

ड्रेन प्लगला चुंबक असतं. काढल्यावर त्यावरचा चुरा बोटाने चोळून बघा. पिठासारखी राखाडी चिकट माती चालते. टोचणारी कणी लागली की गिअरबॉक्सकडे बघायची वेळ झाली. तांब्याचा वायसर दरवेळी नवा. प्लग आवळताना जोर नको, केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले की काम वाढलं.

नव्या मिनीत हे काहीच नाही, गिअरबॉक्स वेगळा, तेल वेगळं. देखभालीला सोपं. पण जी युक्ती मिनीला मिनी करत होती ती हीच होती ना.

टपरीजवळ:
+१. वाचनखूण साठवली. बाकी रात्री लिहिते.

सातवा नट:
थोडी उलट बाजू मांडतो. २००१ च्या गाडीला फार बोल लावतात. जुनीच्या दारात बाजूच्या धडकेसाठी पट्ट्या आणि ड्रायव्हरसाठी एअरबॅग आली १९९६ च्या सुमाराला, म्हणजे शेवटच्या चार वर्षांत. १० फुटांची, दारं पातळ पत्र्याची गाडी आज बहुतेक देशांत नवी म्हणून विकता येणार नाही. नवीला २००२ मध्ये युरो एनकॅपच्या धडक-चाचणीत चार तारे मिळाले. लांबीतले किती सेंटिमीटर नुसते नाकाच्या आणि दारांच्या सुरक्षेत गेले ते मोजा, मग बोला.

हां, ४.४३ मीटरची कंट्रीमन या युक्तिवादात बसत नाही. तिथे मी गोलदिव्यांच्या बाजूने.

चोक ओढा:
फियाट ५०० वर कोणी बोलेना म्हणून. जुनी नुओवा ५०० आली ४ जुलै १९५७ ला, नवी ५०० बरोब्बर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ ला. जुनी दान्ते जाकोसा या इंजिनिअरची. २.९७ मीटर, ४७९ सीसी, दोन सिलिंडर, हवेने थंड होणारं इंजिन मागे. नवी पांडाच्या सांगाड्यावर, इंजिन पुढे, ३.५५ मीटर. म्हणजे मिनीने निदान इंजिन पुढे आणि आडवं ठेवलं. फियाटने पूर्ण गाडी उलटी फिरवली, आणि तरी लोक नव्या ५०० वर मिनीपेक्षा कमी चिडतात. मला वाटतं कारण ती खरंच लहान राहिली. आकार जपला की बरंच माफ होतं.

जुनी सुरू करायची रीत: दोन सीटांच्या मध्ये दोन छोट्या दांड्या, एक चोकची, एक स्टार्टरची. थंड इंजिनाला चोक पूर्ण वर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला, मग स्टार्टरची दांडी. इंजिनाने पकडलं की चोक हळूहळू खाली. इथेच घाई होते. गिअरबॉक्सला सिंक्रो (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, त्यामुळे खालचा गिअर टाकताना क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून थोडा रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. रेस कमी पडली की कर्रर्र.

नवीत २०१० पासून ८७५ सीसीचं दोन सिलिंडरचं ट्विनएअर मिळायला लागलं. कंपनीने जुन्याची आठवण जपायला केलेली ही सगळ्यात प्रामाणिक गोष्ट. तो टकटक आवाज दिव्यांच्या आकारापेक्षा मोलाचा. त्यात इनटेक (हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह तेलाच्या दाबावर उघडतात आणि वाटेत बारीक जाळी आहे. तेल जुनं झालं की जाळी तुंबते, थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं, मिसफायर येतो. कॉइल बदलण्याआधी तेलाकडे बघा, आणि ठरवून दिलेल्या दर्जाचंच घाला.

गोलदिवे:
@चोक ओढा, फार सुरेख. "आकार जपला की बरंच माफ होतं" हे अगदी पटलं.

निळा धूर:
२००६ नंतरच्या मिनी कूपर एसवाल्यांसाठी (एन१४ इंजिन), घाईत लिहितोय, भाजी गॅसवर आहे.
सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले काही सेकंद डिझेलसारखी खडखड ऐकू आली तर टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग). सगळ्यात आधी डिपस्टिक बघा. हे इंजिन तेल खातं, पातळी खाली गेली की टेन्शनरला दाब मिळत नाही आणि चेन सैल पडते. दर आठवड्याला बघायची सवय हवी, सर्व्हिसच्या दिव्याची वाट बघू नका. टेन्शनर बदलताना नवा सील वायसर घाला आणि चेन किती ताणली आहे ते मोजून घ्या. चेन लांबली असेल तर नुसता टेन्शनर घालून थोडे दिवस आवाज जातो, तोवर आतले प्लास्टिकचे गाइड तुटतात.

दुसरं, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणारी नळी) आलेली तेलाची वाफ त्यांच्यावर बसून काळा थर होतो. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारून साफ करतात. ज्या सिलिंडरचं काम चालू आहे त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवेत, नाहीतर चुरा आत जातो.

टपरीजवळ:
भाजी लागली का? 😀

निळा धूर:
नाही, वाचली.

पत्रा आणि गंज:
जुनी घेणाऱ्यांनी इंजिनाआधी पत्रा बघावा. इंजिन खोलून नीट होतं, पत्रा कापून नवा लावावा लागतो.
आधी डिकीत बॅटरीचा खड्डा बघा. अ‍ॅसिड सांडून तळ गेलेला असतो, वरून रंग छान दिसतो. मग गाडी वर घेऊन मागचा सबफ्रेम (मागची चाकं धरणारी चौकट) आणि तो जिथे बॉडीला बसतो ती मागच्या सीटखालची उभी पट्टी. सिलला (दाराखालचा उंबरठ्याचा पत्रा) चुंबक लावून बघा. जुन्या सडलेल्या सिलवर नवा रुंद पत्रा वेल्ड करून झाकतात, बाहेरून चकचकीत, आत भुगा. खालची पाणी जायची भोकं दिसली नाहीत तर बहुतेक हेच झालंय. पुढच्या काचेचे खालचे कोपरे आणि दार व पुढचं चाक यांच्यामधला पत्राही बघाच. तिथे रंगाखाली फोड आला असेल तर बोटाने दाबा, कुर्र असा आवाज येतो.
मूळ साच्यांवर दाबलेली पूर्ण नवी बॉडीसुद्धा मिळते, ऑक्सफर्डशायरमधल्या विटनीहून, ब्रिटिश मोटर हेरिटेजची. बंद पडून पंचवीस वर्षं होऊन गेलेल्या गाडीचं हे भाग्य.

सातवा नट:
गंजाच्या बाबतीत नवी कितीतरी चांगली, पण २००१ ते २००६ वाल्यांनी बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनच्या टोकाशी असलेल्या तीन नटांभोवती बोट फिरवा. पत्रा मशरूमसारखा वर फुगलेला लागतो. खड्ड्यात जोरात आदळलं की होतं. रन-फ्लॅट (हवा गेली तरी चालणाऱ्या) टायरच्या बाजू कडक, त्यामुळे धक्का थेट वर जातो. पत्रा ठोकून सपाट करायचा आणि वरून जाड प्लेट बसवायची. फुगवटा तसाच ठेवला तर चाकांचा कोन बदलतो, टायर आतून खातो.
आणि पॉवर स्टिअरिंगच्या पंपाखालचा छोटा पंखा! गाडी बंद आणि थंड असताना बोटाने फिरवून बघा. काडी-कचऱ्याने अडकला की पंप तापतो आणि स्टिअरिंग एकदम जड होतं.

घाटमाथा:
धाग्याशी थोडं अवांतर. मोठी झाली, मोठी झाली म्हणता, पण डकार रॅली २०१२ ते २०१५ सलग चार वेळा मिनीच्या नावावर आहे. १९६४, ६५, ६७ च्या माँटे कार्लो रॅलीनंतर एवढं मोठं काही झालंच नव्हतं.

पत्रा आणि गंज:
@घाटमाथा, ती जिद्द मान्यच. पण त्या गाडीत कंट्रीमनचं फक्त रूप, खाली नळ्यांचा सांगाडा. १९६४ ला पॅडी हॉपकर्कने जिंकली ती कूपर एस दुकानात मिळणाऱ्या गाडीच्या खूप जवळची होती. ६६ ला मिनींना दिव्यांच्या नियमावरून बाद केलं, ते अजून लागतं मनाला.

रबरी शंकू:
सस्पेन्शनबद्दल कोणीच नाही? अ‍ॅलेक्स मोल्टनचे शंकू ही मिनीची अर्धी चाल आहे. वर्षं गेली की रबर दबतं, गाडी खाली बसते, धक्के कडक होतात, आणि लोक म्हणतात "जुनी गाडी अशीच आदळते". नव्या शंकूंवर ती तशी आदळत नाही.
पुढचे शंकू बदलायला खास कॉम्प्रेसर लागतो, शंकूच्या मधल्या आट्यात स्क्रू बसवून रबर वर ओढायचं. जॅक आणि काठीने कोणीही प्रयत्न करू नये, साठलेला जोर सुटला तर हात जाईल. मागचे त्याशिवाय निघतात: शॉक-अब्सॉर्बर सोडायचा, आर्म खाली घ्यायचा, ट्रम्पेट (शंकू आणि आर्ममधला दांडा) बाहेर. डावीकडे शॉकचा वरचा नट गाठायला डिकीतल्या पेट्रोल टाकीचा पट्टा सैल करावा लागतो, टाकी आधी रिकामी केलेली बरी. नकल जॉइंटला (त्या दांड्याच्या टोकाचा गोळी-वाटीचा सांधा) भरपूर ग्रीस आणि धुळीचं रबर नवं. कुईकुई तिथूनच येते.
नवे शंकू बसायला वेळ घेतात. उंची लगेच पक्की करू नका, काहीशे किलोमीटर चालवून मग.

कंपनीने २००१ ला मागे मल्टिलिंक (अनेक दांड्यांचं) सस्पेन्शन दिलं, छोट्या गाडीत सहसा कोणी देत नाही. रबर सोडलं पण वळणाची काळजी सोडली नाही. त्या इंजिनिअरांबद्दल मला आदर आहे.

टपरीजवळ:
मुलं झोपली, आता लिहिते. स्पीडोमीटर. १९५९ ला तो मधे होता कारण त्यामुळे डावी-उजवी दोन्ही स्टिअरिंगला एकच डॅशबोर्ड चाले. २००१ ला मधे मोठी थाळी ठेवली, त्यात वेगच दिसायचा. २०१४ ला वेग स्टिअरिंगमागे गेला आणि थाळीत पडदा आला. आता २४० मिमीचा गोल ओएलईडी, त्यात सगळं. आकार राहिला, कारण बदलत गेलं. काचेवरची वाफ घालवायचं बटण मात्र खाली खऱ्या स्विचवर राहिलंय, त्यासाठी धन्यवाद.

टॅपेट:
टपरीजवळ, उत्तम निरीक्षण.
कोणीतरी व्यक्तिगत निरोपात जुन्या मिनीच्या टॅपेटचं विचारलं होतं, इथेच देतो. इंजिन पूर्ण थंड, गॅप ०.३० मिमी. नऊचा नियम: ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना १ सेट करायचा, ६ उघडा तर ३, ४ उघडा तर ५, बेरीज कायम नऊ. प्लग काढून ठेवा, इंजिन हाताने हलकं फिरतं. फीलर गेज (मापाची पातळ पट्टी) किंचित धरून सरकलं पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना स्क्रू फिरतोच.

चोक ओढा:
इलेक्ट्रिकवर कोणी? मला नवी इलेक्ट्रिक ५०० आवडते, ३.६३ मीटर आणि ४२ किलोवॅट-तासांची बॅटरी. तिच्या ३+१ या प्रकारात एका बाजूला उलटं उघडणारं छोटं दार दिलंय, १९६५ पर्यंतच्या ५०० ची दारं तशीच उघडायची.

गोलदिवे:
मिनीची इलेक्ट्रिक कूपर दीड टनाहून जड आहे, जुनी मिनी साडेसहाशे किलोच्या आत. तिथे मन अडतं. इसिगोनिसना तर स्वतःलाच मिनीची जागा घेणारी गाडी करायची होती, १९६८ ची ९एक्स, मिनीपेक्षाही आखूड आणि आत जास्त जागा. केली नाही कंपनीने. १९९७ ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात तेव्हा मिनी बनवणाऱ्या रोव्हरने स्पिरिच्युअल दाखवली, ३.१ मीटर, इंजिन मागच्या सीटखाली. तीही राहिली. नवी मिनी मोठी झाली याचं दुःख नाही एवढं, लहान करायची वाट दोनदा समोर होती याचं आहे.

ग्रीसगन:
🙏 हेच.
जाता जाता: ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) आहे. जुन्या रबरी नळ्या आतून सुटतात, कार्ब्युरेटरच्या फ्लोटमध्ये काळा चुरा दिसतो. ई५ घाला, नळ्या आर९ (इथेनॉल सोसणाऱ्या) दर्जाच्या लावा.

नवीन सभासद:
सगळं वाचलं, खूप शिकलो. एकच प्रश्न, पावसात जुनी मिनी बंद पडते ती का?

टॅपेट:
डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) पुढच्या जाळीच्या अगदी मागे आहे, पाणी थेट कॅपवर. जाळीमागचा पत्र्याचा आडोसा जागेवर आहे का बघा, बऱ्याच गाड्यांत तो निघून गेलेला असतो. वर रबरी हातमोजा चढवतात. चार प्लगच्या आणि एक कॉइलची, पाच वायरी पाच बोटांतून.

नवीन सभासद:
आत दव धरत नाही का?

टॅपेट:
मनगटाची बाजू खाली, मोकळी ठेवायची, बांधायची नाही. वायरी काढण्याआधी खुणा करा. १ नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा (शेवटच्या चार वर्षांच्या गाड्यांत रेडिएटर पुढे गेला, तिथे फॅनबेल्टची बाजू धरा), क्रम १-३-४-२, रोटर घड्याळाच्या उलट फिरतो.